जुन्या टीबीनंतरचा चिवट खोकला: फुफ्फुसात जिवाणू आणि बुरशी एकत्र ठाण मांडतात तेव्हा काय करायचं, कोणत्या क्रमाने करायचं

टीबीचा कोर्स पूर्ण झाला, थुंकी निगेटिव्ह आली, तरी खोकला जात नाही. रोज सकाळी अर्धी वाटी पिवळा-हिरवा बेडका पडतो, मधूनच त्यात रक्ताची रेघ दिसते, वजन भरत नाही. यवतमाळ, गडचिरोली, मेळघाट, कुठल्याही भागातल्या ओपीडीत असा रुग्ण भेटतोच. तो सांगतो, "गोळ्या खाल्ल्या का चार दिवस बरं वाटते जी, मंग पुन्हा तसंच." हातातल्या पिशवीत पाच-सहा वेगवेगळ्या अँटिबायोटिकची अर्धवट पाकिटं असतात.

यातल्या बऱ्याच जणांच्या फुफ्फुसात एकटा जिवाणू नसतो. जिवाणू आणि बुरशी एकाच चिकट थरात एकत्र राहत असतात. अशा वेळी आणखी भारी औषध लिहून भागत नाही. आधी काय तपासायचं, काय साफ करायचं, कोणाला आधी मारायचं आणि कोणाला हातच लावायचा नाही, हा क्रम जमला तर रुग्ण सुधारतो. हा लेख घरच्या माणसांसाठी आहे, तसाच प्राथमिक आरोग्य केंद्रातल्या डॉक्टरांसाठी आणि सीएचओंसाठीही (उपकेंद्रातल्या समुदाय आरोग्य अधिकाऱ्यांसाठीही) आहे. औषधांची मात्रा दिली आहे ती प्रौढ माणसाची नेहमीची मात्रा. वजन, किडनी, लिव्हर, गरोदरपण पाहून ती बदलते, म्हणून औषध सुरू करणं आणि थांबवणं उपचार करणाऱ्या डॉक्टरांच्याच हाती ठेवा.

आत नेमकं काय घडतं

टीबी बरा होताना मागे खड्डा सोडून जातो, श्वासनळ्या कायमच्या फुगवून जातो. या फुगलेल्या नळ्यांच्या आजाराला ब्रॉन्किएक्टॅसिस म्हणतात. कफ वर ढकलणारी बारीक केसांची यंत्रणा तिथे मोडलेली असते, त्यामुळे कफ साचतो. साचलेल्या कफात सुडोमोनास नावाचा जिवाणू येऊन चिकटतो आणि स्वतःभोवती साखरेसारख्या रेणूंचा, प्रथिनांचा आणि डीएनएचा चिकट थर तयार करतो. नाल्यातल्या दगडावर बसतो तसा हा बुळबुळीत थर, म्हणजेच बायोफिल्म. जुन्या खड्ड्यात ॲस्परजिलस ही बुरशी रुजली तर तिचे धागे जाळं विणतात, आणि तेही अशाच चिकट पदार्थाने माखलेले असतात. लढताना मेलेल्या आपल्याच पांढऱ्या पेशींचा डीएनए त्यात मिसळतो आणि सगळं अजून घट्ट होतं.

या थराच्या आत बसलेल्या जिवाणूला मारायला मोकळ्या जिवाणूपेक्षा शंभर ते हजार पट जास्त औषध लागू शकतं. कारण औषध खोलवर पोचत नाही, आणि तळाचे जिवाणू जवळजवळ झोपेत असतात. वाढणाऱ्या जिवाणूवर काम करणारं औषध झोपलेल्यावर चालत नाही. लॅबचा सेन्सिटिव्हिटी रिपोर्ट, म्हणजे कोणतं औषध चालेल ते सांगणारा रिपोर्ट, मात्र मोकळ्या, वाढत्या जिवाणूंवर काढलेला असतो. म्हणून रिपोर्टात 'सेन्सिटिव्ह' लिहिलेलं औषधही रुग्णाच्या छातीत अपुरं पडू शकतं. त्यात लॅबची चूक नसते.

जिवाणू आणि बुरशी यांचं नातंही सरळ नाही. सुडोमोनास आपल्या रंगद्रव्यांनी आणि लोह ओढून घेऊन ॲस्परजिलसला दाबतो. काही परिस्थितीत त्याने सोडलेल्या वायूंनी बुरशीची वाढ होतानाही प्रयोगशाळेत दिसलं आहे. म्हणून एकाला मारल्यावर दुसरा डोकं वर काढतो का, यावर लक्ष ठेवावंच लागतं.

पायरी १: टीबी परत आलाय का, हे आधी

ही पायरी ओलांडून पुढे जायचं नाही. थुंकी सीबीनॅट किंवा ट्रूनॅट या टीबीचा जंतू शोधणाऱ्या यंत्रांवर तपासायला पाठवा, आणि टीबी आधी होऊन गेला असेल तर कल्चर, म्हणजे जंतू लॅबमध्ये वाढवून पाहायची तपासणी, तीसुद्धा मागा. जुन्या रुग्णात मेलेल्या जंतूंमुळेही ही यंत्रं कधीकधी पॉझिटिव्ह दाखवतात. त्याचबरोबर साखर आणि एचआयव्ही तपासून घ्या.

टीबी नाही हे कळेपर्यंत लिव्होफ्लॉक्सासिन, सिप्रोफ्लॉक्सासिन, अमिकासिन यांना हात लावू नका. ही औषधं टीबीच्या जंतूलाही अर्धवट मारतात. रुग्णाला दोन आठवडे बरं वाटतं, निदान लांबतं आणि औषधाला न जुमानणारा टीबी तयार होतो. आपल्याकडे खोकल्याला पहिली गोळी म्हणून लिव्होफ्लॉक्सासिन दिली जाते, याचं मला मनापासून वाईट वाटतं.

बिडी ओढणाऱ्या पन्नाशीच्या पुढच्या माणसाच्या थुंकीत रक्त असेल तर कॅन्सरचाही विचार हवा. सीटी स्कॅन कसाही लागणारच आहे, तो लवकर करून घ्या.

पायरी २: थुंकीचा नमुना नीट द्या

बरेच रिपोर्ट इथेच बिघडतात. डबीत लाळ गेली की तोंडातले जंतू वाढतात आणि डॉक्टर त्यांच्यावर उपचार करत बसतात.

सकाळी उठल्यावर, काही खायच्या आधी, उकळून गार केलेल्या पाण्याने दोनदा चूळ भरा. खर्रा खाणाऱ्याने तोंड अगदी स्वच्छ करावं. बसून दोन-तीन खोल श्वास घ्या, क्षणभर रोखा आणि पोटातून जोर लावून खोका. घशातून खाकरून काढलेलं चालत नाही, छातीतून आलेलं घट्ट हवं. डबी लॅबने दिलेली निर्जंतुकच वापरा, झाकणाच्या आत बोट लावू नका. बेडका येतच नसेल तर दवाखान्यात ३ टक्के सलाईनची वाफ देऊन काढता येतो.

नमुना दोन तासांत लॅबला पोचला पाहिजे. धारणीहून अमरावती किंवा भामरागडहून गडचिरोली गाठायची तर ते शक्य नाही. अशा वेळी लस नेतात तशा डब्यात बर्फाच्या पिशव्यांसोबत पाठवा, फक्त गोठू देऊ नका. फॉर्मवर ठळक लिहा: जिवाणू कल्चर आणि बुरशी कल्चर दोन्ही, टीबी होऊन गेलेला, आत्ता कोणतं अँटिबायोटिक चालू आहे. बुरशीचं लिहिलं नाही तर लॅब दोन-तीन दिवसांत प्लेट टाकून देते, आणि बुरशीला वाढायला त्याहून जास्त दिवस लागतात. एका नमुन्यात ॲस्परजिलस सुटून जातो, म्हणून वेगवेगळ्या दिवशी दोन-तीन नमुने द्या.

लॅबनेही नमुना आधी सूक्ष्मदर्शकाखाली पाहावा. कमी भिंगाच्या एका दृश्यात २५ पेक्षा जास्त पू-पेशी आणि १० पेक्षा कमी तोंडाच्या पेशी असतील तर नमुना छातीतला. उलट असेल तर परत मागा.

पायरी ३: रिपोर्टात नाव आलं म्हणजे आजार आला, असं नाही

'कॅन्डिडा ग्रोन', म्हणजे कॅन्डिडा ही बुरशी वाढली, असं वाचलं की फ्लुकोनाझोल हे बुरशीचं औषध सुरू होतं. थुंकीतला कॅन्डिडा जवळजवळ नेहमीच तोंडातला किंवा घशातला असतो. तो न्युमोनियाचं कारण असणं फार दुर्मिळ. व्हेंटिलेटरच्या नळीवर कॅन्डिडा आणि जिवाणू मिळून थर करतात हे खरं, पण तिथेही इलाज म्हणजे नळीची काळजी, तोंडाची स्वच्छता आणि रुग्णाला लवकरात लवकर नळीवरून उतरवणं. फक्त कल्चरच्या भरवशावर बुरशीचं औषध देऊ नका.

सुडोमोनास एकदाच आला की वर्षभरात तीन महिन्यांच्या अंतराने पुन्हा आला, हे पाहा. पुन्हा आला तर त्याने घर केलं आहे.

ॲस्परजिलससाठी तीन गोष्टी जुळाव्या लागतात. तीन महिन्यांहून जास्त चाललेला त्रास, सीटीमध्ये खड्डा, त्याची जाड भिंत किंवा आतला बुरशीचा गोळा, आणि रक्तात ॲस्परजिलस आयजीजी (बुरशीविरुद्ध शरीराने तयार केलेलं प्रतिपिंड) वाढलेलं किंवा कल्चर पॉझिटिव्ह. असाच दिसणारा दुसरा आजार नाही ना, हेही तपासून पाहावं लागतं. तिन्ही जुळले तर तो क्रॉनिक पल्मोनरी ॲस्परजिलोसिस. साध्या एक्स-रेवर तो जुन्या टीबीसारखाच दिसतो, म्हणून कित्येकांना टीबीचा कोर्स पुन्हा पुन्हा दिला जातो.

दम्याच्या रुग्णात रक्तातलं एकूण आयजीई (ॲलर्जीत वाढणारं प्रतिपिंड) ५०० च्या वर आणि ॲस्परजिलसचं आयजीई पॉझिटिव्ह असेल तर तो ॲलर्जीचा वेगळा आजार, आणि त्यात स्टेरॉईड हा मुख्य उपचार असतो. खड्ड्यातल्या बुरशीला मात्र तेच स्टेरॉईड खतपाणी घालतं. दोघांची गल्लत झाली तर रुग्णाचं मोठं नुकसान होतं. म्हणून दमा-खोकल्यासाठी गावात मिळणारी डेक्सामेथासोनची (हेही स्टेरॉईडच) सुई घेण्याआधी हा फरक तपासलाच पाहिजे. किमोथेरपी चालू असलेला, किंवा जास्त मात्रेत स्टेरॉईड घेणारा रुग्ण अचानक तापला, दम लागला, तर या सगळ्या पायऱ्यांची वाट न पाहता मोठ्या रुग्णालयात पाठवा. अशा रुग्णात बुरशी काही दिवसांतच पसरते.

पायरी ४: कफ बाहेर काढा, रोज

माझ्या मते सगळ्या उपचारात ही पायरी सगळ्यात मोठी आहे, आणि हीच सगळ्यात कमी सांगितली जाते, कारण तिची चिठ्ठी लिहिता येत नाही. साचलेला थर जितका बाहेर पडेल तितकं औषधाला काम करायला तोंड सापडतं. खर्च जवळपास शून्य.

क्रम असा. आधी श्वासनळ्या मोकळ्या करणारा सालब्युटामॉलचा पंप, स्पेसर (पंपाला जोडायची पोकळ नळी) लावून. दहा-पंधरा मिनिटांनी, डॉक्टरांनी सांगितलं असेल तर, ३ ते ७ टक्के सलाईनचं नेब्युलायझेशन. याने कफ सैल होतो, पण काहींची नळी आवळते, म्हणून पहिला डोस दवाखान्यातच घ्या. घरी मीठ-पाणी कालवून कधीही नेब्युलायझरमध्ये टाकू नका.

मग श्वासाचा व्यायाम. खुर्चीवर किंवा बाजेच्या कडेला बसा, खांदे सैल, एक हात पोटावर. पाच-सहा श्वास शांतपणे, पोट वर-खाली होईल असे. नंतर तीन-चार खोल श्वास, प्रत्येक श्वास आत घेऊन दोन-तीन सेकंद थांबायचं. त्या थांबण्यात हवा कफाच्या मागे जाते. पुन्हा शांत श्वास. मग तोंड उघडं ठेवून मधल्या आकाराचा श्वास घ्या आणि 'हाऽऽ' असा लांब, जोरकस फुंकर सोडा. घसा आवळू द्यायचा नाही. एक-दोनदा एवढंच. कफ वर आल्याचं जाणवलं की एकदा खोकून थुंका. पुन्हा शांत श्वासापासून सुरुवात. दोन फुंकर कोरडे गेले किंवा वीस मिनिटं झाली की थांबा. सकाळ-संध्याकाळ, जेवणाआधी.

टीबीचा खड्डा बहुतेक वेळा फुफ्फुसाच्या वरच्या भागात असतो, तिथला कफ बसूनच उतरतो. खालच्या भागातला असेल तर तो भाग वर येईल अशा कुशीवर झोपून हाच व्यायाम करा. डोकं खाली, पाय वर अशी स्थिती छातीत जळजळ, बीपी किंवा रक्ताची तक्रार असलेल्याला नको. थुंकीत ताजं रक्त येत असेल त्या दिवशी फुंकर आणि सलाईन दोन्ही बंद ठेवून डॉक्टरांना विचारा.

अँटिबायोटिकचं नेब्युलायझेशन असेल तर ते सगळ्यात शेवटी, छाती मोकळी झाल्यावर. आधी घेतलं तर औषध कफावर बसतं आणि थुंकीतून बाहेर जातं.

तोंडाने घ्यायचं एन-ॲसिटिलसिस्टीन कफ पातळ करायला देतात, ते चालतं. डॉर्नेज अल्फा मात्र सिस्टिक फायब्रोसिससाठी आहे. सिस्टिक फायब्रोसिस नसलेल्या ब्रॉन्किएक्टॅसिसमध्ये त्याने नुकसान झाल्याचं दिसलं आहे, ते घेऊ नका.

पायरी ५: आधी जिवाणू

ताप, बेडक्याचा रंग-प्रमाण वाढणं, दम वाढणं, असा उफाळा आला की आधी जिवाणूंवर मारा, तोही साधारण १४ दिवस. पाच दिवसांचा कोर्स इथे पुरत नाही. सुडोमोनास सेन्सिटिव्ह असेल आणि टीबी नाही हे ठरलं असेल तर सिप्रोफ्लॉक्सासिन ७५० मिलिग्रॅम दिवसातून दोनदा, बारीक अंगाच्या माणसाला ५००. गोळी दूध, दही, कॅल्शियम किंवा लोहाच्या गोळीसोबत घेऊ नका. टाचेची शीर दुखली तर बंद करून डॉक्टरांना दाखवा.

एक गोष्ट आपल्याकडे फार महत्त्वाची. खोकल्याच्या रुग्णाला डेरिफायलिन हे दम्याचं औषध जवळपास प्रत्येक चिठ्ठीत असतं. सिप्रोफ्लॉक्सासिन त्यातल्या थिओफायलिनचं रक्तातलं प्रमाण वाढवतं. धडधड, उलट्या, थेट झटकेसुद्धा येऊ शकतात. ही जोडी तोडा. साखरेच्या गोळ्या घेणाऱ्याची साखरही अचानक खाली येऊ शकते.

गोळीने भागत नसेल तर भरती होऊन सेफ्टाझिडिम किंवा पिपरासिलिन-टॅझोबॅक्टमची शिरेतून इंजेक्शनं. उफाळे वारंवार येत असतील तर कोलिस्टिन १० लाख युनिट किंवा टोब्रामायसिन ३०० मिलिग्रॅम, दिवसातून दोनदा नेब्युलायझरने. कोलिस्टिन वापरायच्या वेळीच विरघळवा, कालवून ठेवू नका. आठवड्यातून तीनदा ॲझिथ्रोमायसिन लांब काळ देण्याआधी थुंकीत टीबीचे भाऊबंद, म्हणजे एनटीएम, नाहीत हे तपासावं लागतं, ईसीजी काढावा लागतो.

पायरी ६: मग बुरशी, महिनोन्महिने

क्रॉनिक ॲस्परजिलोसिस ठरला तर इट्राकोनाझोल २०० मिलिग्रॅम दिवसातून दोनदा, कमीत कमी सहा महिने. चंदीगडच्या पीजीआय या वैद्यकीय संस्थेने सहा आणि बारा महिन्यांची तुलना करून २०२२ मध्ये प्रसिद्ध केली. त्यात बारा महिने घेतलेल्यांमध्ये आजार कमी उलटला. म्हणून परवडत असेल, सोसत असेल तर वर्षभराची तयारी ठेवा.

कॅप्सूल भरल्या पोटी घ्यायची. पोटातल्या आम्लाशिवाय ती शोषली जात नाही, म्हणून पँटोप्राझोल, ओमेप्राझोलची सवयीने चालू असलेली गोळी शक्य असेल तर डॉक्टरांना विचारून थांबवा. सगळ्या कंपन्यांच्या कॅप्सूल सारख्या शोषल्या जात नाहीत, म्हणून मध्येच कंपनी बदलू नका. दोन आठवड्यांनी रक्तातलं औषधाचं प्रमाण नागपूरच्या मोठ्या लॅबमार्फत तपासता आलं तर जरूर तपासा. लिव्हरची तपासणी महिन्याच्या आत आणि नंतर ठरावीक अंतराने. पायाला सूज, चढता दम, हातापायाला मुंग्या आल्या तर लगेच दाखवा. हृदय कमजोर असलेल्याला हे औषध देत नाहीत.

रिफॅम्पिसिन हे टीबीचं औषध चालू असताना इट्राकोनाझोल किंवा व्होरिकोनाझोल ही बुरशीची औषधं देणं म्हणजे पैसे पाण्यात. रिफॅम्पिसिन त्यांचं रक्तातलं प्रमाण जवळजवळ संपवतं, आणि बंद केल्यावरही हा परिणाम दोनेक आठवडे टिकतो. टीबी आणि बुरशी दोन्ही एकाच वेळी असतील तर निर्णय मेडिकल कॉलेजच्या छातीरोग विभागातच घ्यावा. ब्युडेसोनाईड किंवा फ्लुटिकासोनचा पंप इट्राकोनाझोलसोबत चालला तर अंगात स्टेरॉईड साचतं, चेहरा सुजतो, साखर वाढते. कोलेस्टेरॉलच्या सिम्वास्टॅटिनसारख्या गोळ्याही दाखवून घ्या.

व्होरिकोनाझोल रिकाम्या पोटी घेतात, जेवणाच्या एक तास आधी किंवा नंतर. त्याने उन्हात कातडी भाजते. एप्रिल-मे मध्ये वावरात राबणाऱ्या माणसाला हे आधीच सांगा. पूर्ण बाह्या, डोक्याला दुपट्टा, आणि शक्यतो सकाळी लवकर काम.

गोळा एकाच ठिकाणी असेल आणि फुफ्फुसाची ताकद चांगली असेल तर शस्त्रक्रियेने तो काढता येतो. याबद्दल विचारा, घाबरून टाळू नका.

पायरी ७: घरातला थर

औषध आत आणि नवा जंतू पुन्हा बाहेरून, असं होऊ नये. नेब्युलायझरचा कप आणि मास्क प्रत्येक वेळी साबणाच्या पाण्याने धुवा, उकळलेल्या पाण्याने खळखळवा, स्वच्छ कपड्यावर उघड्यावर पूर्ण वाळवा. कंपनीच्या सूचनेत चालत असेल तर रोज एकदा पाच मिनिटं उकळा. ओला कप पिशवीत बांधून ठेवला की त्यात सुडोमोनासच वाढतो. ऑक्सिजनच्या बाटलीत निर्जंतुक पाणी, रोज बदललेलं.

विदर्भात उन्हाळा कूलरशिवाय निघत नाही. टाकीच्या आतल्या भिंतीवर बोट फिरवा, हाताला बुळबुळीत लागलं तर त्या थराचे कण रात्रभर रुग्णाच्या तोंडावर येत आहेत. आठवड्याला टाकी रिकामी करून घासा, वाळवा. वाळ्याच्या किंवा लाकडी भुशाच्या ताट्या दर हंगामात नव्या लावा. रुग्णाची बाज वाऱ्याच्या सरळ झोतात नको.

ॲस्परजिलस कुजणाऱ्या काडीकचऱ्यावर जगतो. ओलं झालेलं कुटार, बुरशी आलेला कडबा, भंडारा-गोंदियाकडचं तणसाचं ढिगार, शेणखताचा उकिरडा, सोयाबीनच्या मळणीची धूळ, यांपासून या रुग्णाला दूर ठेवा. जनावरांचं वैरण घरातल्या दुसऱ्याने टाकावं. टाळता येत नसेल तर नीट बसणारा एन-९५ मास्क लावा, तोंडाला बांधलेला रुमाल बुरशीचे बीजाणू अडवत नाही. पऱ्हाटीच्या चुलीचा धूर आणि बिडी, दोन्ही बंद.

कधी लगेच निघायचं

कपभर रक्त पडलं तर वेळ घालवू नका. ज्या बाजूला आजार आहे त्या कुशीवर झोपवा, म्हणजे चांगलं फुफ्फुस भरणार नाही, आणि १०८ ला फोन करा. रक्तवाहिनी आतून बंद करण्याची सोय मोठ्या रुग्णालयातच असते, म्हणून रुग्णाला नागपूरकडे न्यावं लागू शकतं हे डोक्यात ठेवा. बोलताना वाक्य तुटणं, ओठ निळे पडणं, ऑक्सिजन ९० च्या खाली, गुंगी येणं, हीसुद्धा निघण्याचीच कारणं.

जाताना सगळे जुने एक्स-रे, सीटी, कल्चर रिपोर्ट आणि गोळ्यांची पाकिटं सोबत घ्या. महात्मा ज्योतिराव फुले जन आरोग्य योजनेत त्या आजाराचा, त्या रुग्णालयात लाभ मिळतो का, हे तिथल्या आरोग्यमित्राला विचारा. रेशन कार्ड आणि आधार जवळ हवं. टीबी पुन्हा निघाला तर निक्षय पोषण योजनेत महिन्याला १००० रुपये मिळतात. फ्लू आणि न्युमोकोकसची लस बरं वाटत असताना घेऊन ठेवा.

नंतरची तपासणी चुकवू नका. दर महिन्याला वजन, बेडक्याचं प्रमाण आणि रंग वहीत लिहा. उपचाराने रंग उतरला पण तीन महिन्यांनी पुन्हा हिरवा झाला तर थुंकी पुन्हा जिवाणू आणि बुरशी दोन्हींसाठी पाठवा, जुन्या चिठ्ठीवरचीच गोळी परत आणू नका. सहा महिन्यांनी सीटी पुन्हा काढून जुन्याशी शेजारी ठेवून पाहतात. बुरशीचं औषध थांबवल्यावरही निदान वर्षभर दर तीन महिन्यांनी दाखवा, कारण आजार उलटतो तो बहुधा याच काळात, आणि उलटला तर तेच औषध पुन्हा सुरू करून तो पुष्कळदा आवरता येतो.